‘स्टॉप’ की ‘बॉब’?

थॉर्नबीच्या सेंट बोटॉल्फ चर्चच्या मनोऱ्यात दर गुरुवारी संध्याकाळी घंटांचा सराव असे, आणि सराव म्हटला की हिलरी स्केल्टन आणि क्लाइव्ह ऑटवे यांची जुंपलीच म्हणून समजावं. त्या गुरुवारी तर दोर हातात घेण्याआधीच सुरुवात झाली.

“शनिवारी फार वेळ नाही लागायचा,” कोट खुंटीला अडकवत क्लाइव्ह म्हणाला. “मी माझी रेकॉर्ड लावीन, लोक टाळ्या वाजवतील, मग आपण केक खाऊ.”

“केक तूच खा. माझा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, गोड बंद,” हिलरी म्हणाली. “आणि टाळ्यांचं शनिवारी बघू.”

प्रकरण असं होतं. गावातल्या जुन्या कवायतीच्या हॉलचं आता वाचनालय होणार होतं, आणि त्याच्या भिंतीवर एक पाटी लागणार होती. पन्नास वर्षांपूर्वी त्याच हॉलमध्ये थॉर्नबीच्या दोन रॉक बँडांनी दिवस वाटून घेऊन तालमी केल्या होत्या. एक ‘कॉपर हेरन’, म्हणजे तांब्याचा बगळा, दुसरा ‘ब्रिकयार्ड’. पण पाटी एकच, आणि तिच्यावरची ओळही ठरून गेलेली: ‘रॉक संगीताला पुढे नेणारा बँड इथे घडला’. खाली नावाची जागा मोकळी. ती कोणाच्या नावाने भरायची, हे गावातल्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या मंडळाने शनिवारी हात वर करून ठरवायचं होतं. हेरनची बाजू क्लाइव्ह मांडणार होता. तो निवृत्त भूगोलशिक्षक, आणि समुद्राच्या भरती-ओहोटीवर रेकॉर्ड काढणारा बँड त्याला जन्मजात आपला वाटत असे. ब्रिकयार्डची बाजू हिलरीकडे होती, कारण ब्रिकयार्डमध्ये बेस गिटार वाजवणारा डेझमंड तिचा थोरला भाऊ.

“चला, दोर घ्या,” हिलरी म्हणाली, आणि पाचही जण आपापल्या जागी गोल उभे राहिले.

या मनोऱ्यात घंटांवर गाणं वाजवत नाहीत. प्रत्येकाच्या हाती एकच घंटा, एकच सूर. आधी उंच सुरावरून खाली उतरत जायचं: एक, दोन, तीन, चार, पाच. पुढच्या ओळीत शेजाऱ्याने शेजाऱ्याशी जागा बदलायची: दोन, एक, चार, तीन, पाच. मग दोन, चार, एक, पाच, तीन. असं करत करत जायचं, एकदा वाजलेली ओळ पुन्हा वाजू द्यायची नाही, आणि शेवटी एक-दोन-तीन-चार-पाचवर सुखरूप घरी यायचं. तसंच चालत राहिलं तर चाळीस ओळींतच घर येतं. शक्य त्या सगळ्या एकशेवीस ओळी वाजवायच्या असतील तर मुख्याने नेमक्या तीन ठिकाणी ‘बॉब!’ म्हणून ओरडायचं. ते ऐकलं की तिघांनी आपली वाट वाकडी करायची. बॉब नावाचा कोणी इसम नाही. इंग्लंडातल्या मनोऱ्यांतून तीनशे वर्षांहून जास्त काळ हा शब्द ओरडला जातो आहे, एवढंच.

“बॉब!” हिलरीने आवाज दिला. तिचा आवाज मुळात इतका मऊ की दुकानात तिला दोनदा मागावं लागे, पण मनोऱ्यात तो दगडाला लागून परत येई. तीन नंबरच्या दोरावरच्या क्लाइव्हने वाट बदलली. घंटा बिनचूक घरी आल्या.

“ब्रिकयार्डला एवढं जमलं असतं तर!” दोर गुंडाळत क्लाइव्ह म्हणाला. “तीन सूर, चार ओळी आणि एक पिंप बिअर.”

हिलरीने आपला दोर गुंडाळून ठेवला. तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. डेझमंडच्या डोळ्यांचं मधलं दिसणं पुसत चाललं होतं. कडेचं दिसे, समोरचं जाई. “माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही,” असं तो हसत सांगे. अक्षरं अजून लागत, पण मोठी असली तरच. “पाटी लावायचीच तर लवकर लावा,” तो एकदा सहज बोलून गेला होता, “नाहीतर तू मला ती वाचून दाखवशील, आणि तू सगळं प्रार्थनेसारखं वाचतेस.” भावाच्या बँडचं नाव भिंतीवर लागावं आणि त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढंच तिला हवं होतं. पण रोज सकाळी चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर तेवढं मागायला तिची जीभ रेटेना. देवाला हेरनवाल्यांच्या विरुद्ध कसं करायचं? म्हणून ती आपली एवढंच म्हणे, “जे खरं आहे ते सगळ्यांना ऐकू येऊ दे.”

शनिवारी दुपारी चर्चचा हॉल भरला. क्लाइव्हने घरचे दोन स्पीकर आणले होते, एकेक कपाटाएवढा. मंडळाच्या अध्यक्षा मिसेस अ‍ॅपलगार्थ मधल्या टेबलापाशी बसल्या होत्या. त्यांना दोन्ही बँड सारखेच सोसवत नसत, म्हणूनच त्यांना अध्यक्ष केलं होतं. डेझमंड मागच्या बाजूला चहाच्या ढकलगाडीपाशी. भाषणं ऐकायला नको म्हणून त्याने चहा वाटायचं काम मागून घेतलं होतं.

“बघा,” क्लाइव्ह उभा राहिला, “प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय? पुढे जाणारं. कोणाच्या पुढे? तीन मिनिटांच्या प्रेमगीतांच्या पुढे! कॉपर हेरनने रेकॉर्डची अख्खी एक बाजू एकाच रचनेला दिली. ‘नाइन टाइड्स’! नऊ भरत्या! अकरा मात्रांचा ठेका! मागे ऑर्केस्ट्रा! आणि गायकाच्या खांद्यावर बगळ्याची खरीखुरी पिसं!”

“पिसं कागदाची होती,” हिलरी जागेवरूनच म्हणाली. “आमच्या आईने शिवून दिली होती.”

हॉल हसला. क्लाइव्ह हसला नाही. त्याने सुई टेकवली आणि नऊ भरत्या आल्या. हिलरीला मनातून कबूल करावं लागलं की त्या छान होत्या. अकरा मात्रांचा ठेका खरोखरच लाटेसारखा यायचा, आता फुटेल म्हणावं तर एक मात्रा जास्त थांबायचा. चौथ्या भरतीला ऑर्केस्ट्रा उसळला तेव्हा तिच्याही अंगावर काटा आला. लोकांनी दणकून टाळ्या दिल्या.

“सुंदर आहे,” हिलरी उठून म्हणाली.

“मोठ्याने बोल गं!” मागून कोणीतरी ओरडलं.

“सुंदर आहे म्हटलं! पण पहिल्या रेकॉर्डवर हेरनने जे केलं, तेच सहाव्या रेकॉर्डवर केलं. फक्त जास्त वेळ. एकदा पुढे गेले आणि तिथेच खुर्ची टाकून बसले. ब्रिकयार्डची एक रेकॉर्ड दुसरीसारखी नाही.”

“कारण त्यांना आधीची आठवत नसायची!” क्लाइव्ह म्हणाला. “बरं, तू काय लावणार? ‘क्ले पिट’?”

“‘क्ले पिट’च.”

“उत्तम! मंडळी, त्यातला मधला भाग नीट ऐका. दोन मिनिटं नुसता गोंधळ. इतका, की रेकॉर्डिंग करणारा बिचारा आतून ‘स्टॉप! स्टॉप!’ म्हणून ओरडतोय, तेसुद्धा त्यात तसंच राहिलंय. हे मी म्हणत नाही, त्या वेळच्या मासिकात छापून आलंय.”

हे मात्र खरं होतं. थॉर्नबीतल्या शेंबड्या पोरालाही ‘क्ले पिट’मधला ‘स्टॉप’ माहीत होता. हिलरीनेही तो स्वयंपाकघरातल्या छोट्या कॅसेट प्लेअरवर कितीदा ऐकला होता. गिटारच्या गर्जनेत बुडालेली ती आरोळी लागली की तिला भावासाठी कानकोंडं व्हायचं आणि ती नळ सोडायची. आज नळ नव्हता. तिने सुई टेकवली, घाईत पुढ्यातल्या बशीतलं काहीतरी उचललं आणि हातातच धरून उभी राहिली.

गाणं धडाडत निघालं. डाव्या स्पीकरमधून गिटार आणि गायक, उजव्यातून ड्रम आणि बेस. पहिलं कडवं, दुसरं कडवं. मग ड्रम थांबले आणि तो बदनाम गोंधळ सुरू झाला. क्लाइव्हने हाताची घडी घालून लोकांकडे असं पाहिलं, की जणू म्हणत होता, बघा, सांगितलं होतं ना?

आणि तेवढ्यात डेझमंड चहाची गाडी घेऊन मधल्या वाटेने पुढे आला. कडेच्या खुर्च्या त्याला दिसत होत्या, कपबशा दिसत होत्या, पण नेमकी समोर जमिनीवर पडलेली वायर दिसली नाही. चाक अडकलं, गाडी हिसकली, कप खणखणले, आणि डावा स्पीकर खट्कन बंद पडला.

“अरे देवा!” मिसेस अ‍ॅपलगार्थ म्हणाल्या.

“डेझमंड, जरा बघून!” क्लाइव्ह ओरडला.

“बघूनच चाललोय. दिसत नाही ही गोष्ट वेगळी,” डेझमंड म्हणाला, आणि वायर चाचपायला खाली वाकला.

गिटार गेली होती. गायक गेला होता. उरली होती फक्त उजव्या बाजूची बेस, एकटी, उघडी, पाच सुरांत भरभर चाललेली. लोक कुजबुजत होते, कोणी हसत होतं. हिलरी शरमेने मान खाली घालणार, इतक्यात तिची नजर क्लाइव्हच्या हातांवर गेली.

त्याची घडी सुटली होती. दोन्ही मुठी एकावर एक, छातीपासून मांडीपर्यंत खाली, परत वर. कधी जरा लवकर, कधी जरा थांबून. तो दोर ओढत होता. त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. तोंड अजून कुत्सित हसत होतं, आणि हात मात्र तीन नंबरच्या घंटेवर गेले होते.

हिलरीने डोळे मिटले. चार, दोन, पाच, एक, तीन. चार, पाच, दोन, तीन, एक. पाच, चार, तीन, दोन, एक.

“क्लाइव्ह,” ती म्हणाली. मग मनोऱ्यातल्या आवाजात, “क्लाइव्ह! तुझे हात बघ!”

क्लाइव्हने हातांकडे पाहिलं. त्याचं हसू गळून पडलं. आणि त्याच क्षणी, उजव्या स्पीकरमधून, बेसच्या सुरांमधून, पन्नास वर्षांपूर्वीचा कोवळा डेझमंड स्वच्छ ओरडला:

“बॉब!”

“स्टॉप नाही!” क्लाइव्ह ताडकन उठला. “स्टॉप नाहीये ते! वायरला हात लावू नकोस, डेझमंड! खबरदार! कोणीही हात लावायचा नाही!”

“झालं काय?” मिसेस अ‍ॅपलगार्थनी विचारलं.

“गप्प बसा! म्हणजे, कृपा करून गप्प बसा! घंटा आहेत या! आपल्या घंटा! तो बेसवर चर्चच्या ओळी वाजवतोय, पाच सुरांत, एकटा! तीन नंबर पुढे आला, आता दुसऱ्या जागी, आता शेवटाकडे...”

“आता एक नंबर मागून पुढे येतोय,” हिलरी म्हणाली. ओळ चुकेल याची तिला भीती वाटत होती. “आला. दुसरा बॉब देईल आता. थांबा, थांबा...”

“बॉब!” स्पीकर म्हणाला.

हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं. मागचे लोक उठून पुढे आले होते. घंटा ओढणारे आणखी दोघे भिंतीशी उभे होते, त्यांच्याही मुठी वरखाली होऊ लागल्या होत्या. ज्यांनी कधी दोर धरला नव्हता ते त्यांच्या मुठींवरून सूर पकडत होते.

“पण ही मांडणी खरी असेल कशावरून?” क्लाइव्ह स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. “एखादी ओळ दोनदा वाजली की खोटी. खोटी असली तर सगळं व्यर्थ. घरी आली पाहिजे.”

“येईल,” हिलरी म्हणाली.

“तुझा भाऊ आहे म्हणून म्हणतेस.”

“मोज ना मग! तुझे हात मोजतायत की!”

तो मोजत होताच. त्याचे ओठ हलत होते, कपाळावर घाम आला होता. सूर धावत होते. हिलरीला एकाच वेळी भीती आणि आनंद असं काहीतरी होत होतं. ती क्लाइव्हकडे पाहत होती आणि क्लाइव्ह तिच्याकडे, मनोऱ्यात दोर ओढताना एकमेकांकडे पाहतात तसे. दोघांनी एकदमच श्वास घेतला.

“बॉब!” हिलरी ओरडली. “बॉब!” क्लाइव्ह ओरडला. “बॉब!” स्पीकर ओरडला. तिन्ही आवाज एकाच सुरावर पडले.

आणि मग थोड्या ओळी, आणखी थोड्या, सगळ्यांचे श्वास अडकलेले, आणि सूर उतरले: एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा एकदा, जणू शिक्का मारल्यासारखे: एक, दोन, तीन, चार, पाच. ड्रम सुरू झाले.

“घरी!” क्लाइव्हने दोन्ही हात आकाशात फेकले. “आली घरी! एकशेवीसच्या एकशेवीस!”

मिसेस अ‍ॅपलगार्थनी सुई उचलली. “हे तुम्ही दोघांनी आधी ठरवून केलंत का?”

“बाई,” क्लाइव्ह म्हणाला, “आम्ही दोघांनी गेल्या चाळीस वर्षांत काहीही मिळून ठरवलेलं नाही.”

हिलरी भावाकडे वळली. तो अजून वायरचं टोक हातात धरून जमिनीवर बसला होता. “डेझ, तू हे सांगितलं का नाहीस?”

“सांगायचं काय?” तो म्हणाला. “पोरपणी मीही आपल्या मनोऱ्यात दोर ओढायचो. मला वाटलं, बाहेरच्यांना नाही तरी थॉर्नबीत रविवारपर्यंत सगळ्यांना कळेल. मग मासिकात आलं, कोणीतरी ‘स्टॉप’ ओरडतंय म्हणून. मला इतकं हसू आलं की म्हटलं, असू दे, गंमत आहे. तुम्ही कोणीतरी ओळखाल म्हणून वाट बघितली. मग हसू संपलं, आणि सांगायचं राहूनच गेलं.”

मग क्लाइव्ह खाकरला. तो काही सहजासहजी हार खाणाऱ्यातला नव्हता.

“हे अफाट आहे, मान्य,” तो म्हणाला. “पण अध्यक्षबाई, पाटीवर काय लिहायचंय? पुढे नेणारा. ही पद्धत तीनशे वर्षांपूर्वीची! म्हणजे डेझमंड पुढे गेला की मागे?”

“हो की!” हेरनवाल्यांपैकी कोणीतरी म्हणालं. हॉलमध्ये पुन्हा गलका झाला, आणि हिलरी पुढे सरसावली.

“तुझा ऑर्केस्ट्रा काय परवा जन्मला?” ती म्हणाली. “हेरनने दुसऱ्याच्या घरातून मोठं सामान आणून आपल्या दिवाणखान्यात मांडलं. छान दिसतं, नाही कोण म्हणतं? पण ते सामान तसंच राहिलं, वाजवणाराही तसाच राहिला. याने जुनी गोष्ट घेतली आणि जिथे ती कधीच गेली नव्हती तिथे नेली. पाच माणसांचं काम पाच बोटांत. आणि एकही पाऊल पुन्हा तिथेच टाकलं नाही, क्लाइव्ह. एकही नाही. आणखी पुढे म्हणजे किती पुढे जायचं माणसाने?”

इतकं लांब आणि इतक्या मोठ्याने ती कधीच बोलली नव्हती. तिचे कान लाल झाले. क्लाइव्हने चष्मा काढून पुसला.

“मी चूक शोधत होतो,” तो म्हणाला. “सांगूनच टाकतो. सबंध वेळ एक खोटी ओळ शोधत होतो. एक सापडली असती तर बरं झालं असतं. नाही सापडली.”

“मत घेऊ या,” मिसेस अ‍ॅपलगार्थ म्हणाल्या. “कॉपर हेरन?”

हात वर गेले. बरेच गेले. क्लाइव्हचे दोन्ही गेले.

“मिस्टर ऑटवे, माणशी एकच मत.”

“एक हेरनला, एक ब्रिकयार्डला.”

“एकच.”

क्लाइव्हने दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिलं आणि डावा खाली घेतला. “मग हेरन. लग्नात त्यांचंच गाणं लावलं होतं. घरी जायचंय मला.”

हॉल हसून लोटपोट झाला. “ब्रिकयार्ड?” मिसेस अ‍ॅपलगार्थनी विचारलं, आणि या खेपेला जे हात वर गेले त्यांत निम्मे नुसते वर नव्हते, मुठी वळलेले होते, दोर धरल्यासारखे. मोजायची गरज पडली नाही. मिसेस अ‍ॅपलगार्थनी कागदावर मोकळ्या जागेत नाव लिहिलं.

“अक्षरं केवढी असतील?” हिलरीने हळूच विचारलं.

मिसेस अ‍ॅपलगार्थनी डेझमंडकडे पाहिलं, मग दोन्ही तळहात एकमेकांपासून चांगले लांब धरून दाखवले. “पुरतील?”

“एवढी असली तर क्लाइव्हलासुद्धा वाचता येतील,” डेझमंड म्हणाला. पण तो उगाचच वायरशी खेळत होता.

तेव्हा कुठे हिलरीच्या ध्यानात आलं की तिच्या हातातलं काहीतरी म्हणजे आल्याचं बिस्किट होतं, आणि त्यातलं अर्धं कधीच पोटात गेलं होतं. “माफ कर,” ती मनातल्या मनात म्हणाली. मागितलं होतं ते देवाने ऐकलं होतं, तेव्हा एवढंही तो ऐकून घेईल असं तिला वाटलं. उरलेलं अर्धं तिने बशीत ठेवलं.

“आता वायर लाव,” क्लाइव्ह डेझमंडला म्हणाला. “दोन्ही बाजूंनी ऐकू या. बघू, आता तरी गोंधळ वाटतो का.”

वायर लागली. गिटार परत आली, गायक परत आला, कपाटाएवढे दोन्ही स्पीकर थरथरू लागले. पण आता ती बेस कोणाला लपवता येईना. गर्जनेच्या खालून पाच सूर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जागा बदलत स्वच्छ चालले होते आणि सगळ्यांना ऐकू येत होते, जणू आजवर कानांतच बोळे होते. पहिल्या ‘बॉब’ला पाच-सहा जण ओरडले. दुसऱ्याला अर्धा हॉल. तिसऱ्याला मिसेस अ‍ॅपलगार्थसुद्धा खुर्चीतून उठून ओरडल्या, आणि खिडक्यांच्या काचा वाजल्या.

गाणं संपलं. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. एकटा डेझमंड मान तिरकी करून, कान पुढे करून बसला होता.

“कसं वाटलं?” हिलरीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तिसरा उशिरा दिलात,” तो म्हणाला. “पूर्ण एक ओळ. पुन्हा लावा.”